दोन नवे लॅपटॉप आणि सात जॉबशीट

लॅपटॉप ही वस्तू आता चैनीची राहिलेली नाही. कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्प अहवाल, परीक्षेचा सराव, मुलाखत, सारे काही त्या पडद्यावर आले आहे. त्यामुळे आपल्या वस्त्यांतील आईबाप पोटाला चिमटा घेऊन, पतपेढीचे कर्ज काढून मुलांना लॅपटॉप घेऊन देतात. ही गोष्ट चांगलीच आहे. पण घेतलेले नवे कोरे यंत्र पंधरा दिवसांत बिघडले तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. दुकानदार तर मुळीच सांगत नाही. म्हणून आमच्या घरी जे घडले ते वाचक बंधु-भगिनींसमोर ठेवीत आहोत.

२४ जुलै २०२३ रोजी आम्ही नागपूरच्या एका दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले. एक आमच्या मुलीसाठी. ती भंडाऱ्यात बी. एस्सी.ला होती. दुसरा भाच्यासाठी. तो आमच्या बहिणीकडे तुमसरला असतो आणि तेव्हा पॉलिटेक्निकला होता. एकेकाची किंमत ४६,९९० रुपये. दोन सोबत घेतो म्हणून दुकानदाराने दोन बॅगा आणि दोन माऊस फुकट दिले. बिलावर मात्र शिक्का मारला : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बिले वेगवेगळ्या नावांवर घेतली. मुलीचे आमच्या नावावर, भाच्याचे बहिणीच्या नावावर. आमची नोकरी कारकुनाची, शिक्षण बी. कॉम., त्यामुळे कागद ज्याचा त्याच्या नावे असावा ही सवय हाडीमासी खिळलेली.

अकराव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, याचं झाकण थोडं मागं-पुढं केलं की पडदा काळा होते.” पाहिले तर खरेच. झाकण पूर्ण उघडे असले की चित्र स्वच्छ. मांडीवर घेऊन लिहायला बसावे आणि झाकण जरा उभे करावे, तर पडदा एकदम अंधार. पुन्हा मागे ढकलले की उजेड. दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, “आता आमचा संबंध संपला, सर्व्हिस सेंटरला जा.” सर्व्हिस सेंटर नागपुरात, म्हणजे भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. एस. टी.त मुलीला महिला सन्मान योजनेचे अर्धे तिकीट आणि आम्हांस पूर्ण, एवढाच काय तो दिलासा.

९ ऑगस्टला पहिली जॉबशीट झाली. काउंटरवरच्या मुलाने तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले, ‘डिस्प्ले इश्यू’. तिथल्या इंजिनिअरने विंडोज नव्याने टाकली आणि यंत्र परत दिले. मुलीचे दोन आठवड्यांचे काम त्यात पुसले गेले, बिघाड मात्र जागच्या जागी. दुसऱ्या वेळी त्याने झाकण सताड उघडे ठेवून दोन तास चालवून पाहिले आणि शेरा मारला, ‘दोष आढळला नाही’. जो दोष झाकण उभे केल्यावरच दिसतो, तो झाकण आडवे ठेवून कसा आढळावा? आम्ही विचारले, तर तो म्हणाला, “काका, घरात पहिल्यांदाच लॅपटॉप घेतला ना? हळूहळू सवय होते.”

हे वाक्य आमच्या वाचकांपैकी अनेकांनी निरनिराळ्या काउंटरवर, निरनिराळ्या शब्दांत ऐकले असेल. वस्तू बिघडली की आधी वस्तूकडे पाहायचे सोडून गिऱ्हाइकाच्या चपलेकडे पाहण्याची ही रीत जुनी आहे. मुलगी तिथे काही बोलली नाही. बसमध्येही बोलली नाही. घरी आल्यावर तिने कंपासपेटीतला कोनमापक काढला, लॅपटॉपच्या बिजागरीला लावला आणि धाकट्या भावाला मोबाइलवर चित्रफीत काढायला लावली. आधी यंत्राच्या पोटावरचा अनुक्रमांक, मग कोनमापक, मग झाकण हळूहळू उभे. साधारण १०० अंशांवर पडदा गेला, ८५ च्या खाली आल्यावर परत आला. पाच वेळा केले, पाचही वेळा तेच. नंतर तिने तारेने लॅपटॉप घरच्या टी. व्ही.ला जोडला. लॅपटॉपचा पडदा काळा असतानाही टी. व्ही.वर चित्र व्यवस्थित होते. म्हणजे चित्र तयार करणारा मदरबोर्ड ठीक आहे. दोष पडद्यात, किंवा मदरबोर्डपासून पडद्याकडे बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये. आम्हांस यातले काही कळत नव्हते, तिनेच समजावून सांगितले.

ही चित्रफीत घेऊन आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी काउंटरवरच्या मुलास म्हटले, “बाबू, आम्ही सांगतो तसे लिही : झाकण ८५ ते १०० अंशांत आणले की पडदा काळा होतो, टी. व्ही.वर चित्र दिसते.” तो कुरकुरला, पण लिहिले. पडदा बदलला. आठ दिवस ठीक चालले, नवव्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या वेळी मदरबोर्ड बदलला. तो बदलल्यावर आतला अनुक्रमांक आणि पोटावरच्या लेबलावरचा अनुक्रमांक जुळेना, तेव्हा वॉरंटीच शून्य दाखवू लागली. ती दुरुस्त करून घेण्यात एक खेप गेली ती वेगळीच, तिची जॉबशीटसुद्धा मिळाली नाही. पाचव्या वेळी पुन्हा पडदा. केबलला मात्र कोणी हात लावला नाही.

एव्हाना भाच्याचा फोन आला. “मामाजी, माझ्याही लॅपटॉपचं तेच होऊन राहिलं.” त्याच्या दोन जॉबशीट झाल्या. पहिलीवर शेरा ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे’, दुसरीवर ‘घरातील वीजपुरवठा सदोष’. आता भंडाऱ्याचे घर वेगळे, तुमसरचे वेगळे, हात वेगळे, वीज वेगळी. शिवाय तार काढून नुसत्या बॅटरीवर चालवले तरी पडदा जातोच, तेव्हा विजेचा दोष कसा? आणि अडॅप्टरवर कंपनीनेच १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे. दोन वेगळ्या घरांतील दोन यंत्रे एकाच कोनात आंधळी होतात, याचा अर्थ शाळेतला पोरगाही सांगेल.

असे प्रकार जगात मोठमोठ्या कंपन्यांच्या बाबतीत झाले आहेत आणि ते जाहीर आहेत. ॲपलच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रो यंत्रांत पडद्याकडे जाणारी पातळ केबल झाकण उघडझाप करून झिजत असे. लोक पडदे बदलून थकले. आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेने यंत्रे उघडून दाखवून दिले, की २०१८ च्या मॉडेलमध्ये कंपनीने ती केबल सुमारे २ मिलिमीटरने लांब केली आहे. पुढे मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची यंत्रांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. दोन मिलिमीटरचा प्रश्न होता! त्याच्याही आधी, ऑगस्ट २००६ मध्ये, डेल कंपनीला सोनीच्या सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. तेव्हा दोष घडणीतच असतो, तो एका गिऱ्हाइकाचा नसून शेकडोंचा असतो, हे कंपन्यांना नवीन नाही. गिऱ्हाईक मात्र एकेकटे काउंटरवर उभे राहते आणि आपलेच नशीब फुटके समजून घरी जाते. तोच पडदा, तोच मदरबोर्ड पुन्हापुन्हा बदलला तरी मूळ रचना तीच राहते, म्हणून बिघाडही तोच परत येतो.

२० नोव्हेंबरला आम्ही हिशेब मांडला. खरेदीपासून ११९ दिवस झाले होते. त्यांपैकी ४३ दिवस मुलीचे यंत्र सेंटरमध्ये पडून होते. कचेरीतल्या सात अर्ध्या रजा गेल्या. पतपेढीचे चार हप्ते कापले गेले. मुलीचा प्रकल्प मैत्रिणीच्या यंत्रावर, तिच्या सवडीने, रात्री अकरानंतर होऊ लागला. एका रात्री ती म्हणाली, “बाबा, मी हा विषयच सोडून देऊ का?” त्यावर आम्ही काय बोललो ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जेवणाच्या सुटीत नोटीस लिहायला बसलो, एवढे आठवते.

नोटीस साधी होती. तारीख, बिल क्रमांक, अनुक्रमांक, पाच जॉबशीटचा तक्ता आणि शेवटी एक वाक्य : पंधरा दिवसांत दोषमुक्त नवे यंत्र द्यावे अथवा पूर्ण रक्कम परत करावी. एक प्रत कंपनीला, एक दुकानदाराला, दोन्ही रजिस्टर पोस्टाने. बहिणीच्या नावाची वेगळी. वकील लावला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात कोणतीही उणीव म्हणजे दोष, असा अर्थ दिलेला आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिलावर काही मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा, असेही तो म्हणतो. आमची पहिली जॉबशीट सोळाव्या दिवसाची होती. दुकानदाराच्या त्या शिक्क्याला कायद्यापुढे किती किंमत ते यावरून समजावे.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने मुलीसाठी ‘नवीन’ यंत्र पाठवले. खोके चकचकीत. मुलीने ते उघडताना चित्रफीत काढली आणि सर्वप्रथम बॅटरीचा अहवाल काढला. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की तो निघतो. बॅटरी किती वेळा भरली-रिकामी झाली याचा आकडा बऱ्याच यंत्रांत त्यात येतो. नव्या यंत्रात तो शून्याच्या आसपास असावा. इथे ६१ होता! कोणाच्या तरी घरून परत आलेले यंत्र पुसूनपासून आमच्याकडे आले होते. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत दुरुस्तीसाठी ‘नवे किंवा नव्यासारखे’ भाग वापरण्याची मुभा ठेवलेली असते. पण आम्ही दुरुस्ती मागितली नव्हती. फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “सर, ते टेस्टिंगमध्ये चार्ज झाले असेल.” ६१ वेळा?

आम्ही ते स्वीकारले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि अहवालाची छापील प्रत कंपनीला पाठवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे तक्रार पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. तरी तिचा उपयोग झाला. एप्रिल २०२४ मध्ये ४६,९९० रुपये खात्यात जमा झाले. रजा, भाडे, पतपेढीचे व्याज याबद्दल एक पैसा नाही. मुलीने त्याच पैशांत दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेतले आणि घेतानाच दुकानात सर्वांसमोर झाकण हळूहळू उघडून-मिटून पाहिले. दुकानदार हसला. ती हसली नाही.

भाच्याचे मात्र मिटलेले नाही. त्याच्या जॉबशीटवर ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे’ असा शेरा असल्याने कंपनी ऐकेना. तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये बहिणीच्या नावे भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. खरेदी नागपूरची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकिलाची सक्ती नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ती मात्र चुकवू नये. तेव्हा संगणकावरून तक्रार ‘ई-दाखिल’वर होत असे, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘ई-जागृती’ आहे. कायद्यात निकालाला तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिने, असे लिहिले आहे. आमच्या तारखा त्याहून पुष्कळ लांबल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे.

कंपनीच्या वकिलांचे म्हणणे, दोष उत्पादनातलाच आहे हे तक्रारदाराने तज्ज्ञाकडून सिद्ध करावे. आमचे म्हणणे, सात जॉबशीट कंपनीच्याच सेंटरच्या आहेत. त्यांपैकी मुलीच्या यंत्राबद्दल कंपनीने रक्कम परत केली, आणि भाच्याचे यंत्र त्याच मॉडेलचे, त्याच दिवशी घेतलेले, त्याच कोनात बंद पडणारे आहे. बहीण चौथी शिकलेली. पहिल्या तारखेला ती घाबरली होती. दुसऱ्या तारखेला तिने स्वतःच आयोगासमोर लॅपटॉप उघडला, झाकण उभे केले आणि म्हणाली, “बघा साहेब, गेला.”

सध्या भाचा ते यंत्र जुन्या टी. व्ही.ला जोडून वापरतो. वॉरंटी संपली आहे. तुमसरच्या एका दुरुस्तीवाल्याने सातशे रुपयांत केबल बदलून देतो म्हटले होते. भाच्याने नाही म्हटले. आयोगाने यंत्र प्रयोगशाळेकडे पाठवायचे ठरवलेच, तर ते कोणी न उघडलेले हवे, म्हणून त्याने तळाच्या स्क्रूंवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर सही व तारीख घातली आहे. पुढच्या तारखेला तो कोनमापकही सोबत नेणार आहे.