एक्कावन्न पत्त्यांची कमान

पत्त्यांचा कॅट घरात दिसला की आपल्याकडे अजूनही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. दिवाळीच्या सुट्टीत बदाम-सत्ती, प्रवासात झब्बू, इथवर ठीक. एरवी पत्ते म्हणजे जुगार. इंदूरच्या एका मराठी घरात तर या समजुतीला कारणही होते. आजोबांनी तीन पत्तीच्या नादात गावाकडची जमीन घालवली होती. त्यामुळे दहावीतला मुलगा अभ्यासाच्या टेबलाशी कॅट घेऊन बसलेला दिसताच वडिलांनी तो हिसकावून कपाटावर टाकला. त्या दिवसापासून बाप-लेकाचे बोलणेच थांबले.

मुलगा खेळत नव्हता. मोबाइलवर बघून तो पत्ते पिसण्याची एक करामत शिकत होता. दोन्ही हातांनी पत्ते एकमेकांत फर्रकन गुंफायचे, मग त्यांची कमान उभारून ती खाली बसू द्यायची. पत्त्यांच्या अशा हातकौशल्यांना आता ‘कार्डिस्ट्री’ म्हणतात. त्यात डाव नसतो, पैसाही नसतो. पण हे वडिलांना पटवणार कोण? आईने ठरवले, आधी आपण शिकून पाहावे. बाप-लेकात मध्यस्थी करणाऱ्या आया पुष्कळ असतात. मुलाची शिष्या होणारी विरळाच.

दुपारी कॅट कपाटावरून खाली येई आणि संध्याकाळी पुन्हा वर जाई. कॅटचे दोन निम्मे भाग करायचे. प्रत्येक भागाच्या एका टोकाला अंगठा, दुसऱ्या टोकाला मधली बोटे, आणि तर्जनी दुमडून पाठीवर टेकवलेली. अंगठ्याने टोक वाकवून दोन्हीकडचे पत्ते एकेक सोडत गेले की कोपरे एकमेकांत अडकतात. कोपरेच, तेही अर्धा इंच. जास्त गुंतले तर कमान नीट होत नाही. मग दोन्ही अंगठे वरून सांध्यावर ठेवून बाकीच्या बोटांनी बाहेरची टोके आत लोटायची. पत्ते कमानीसारखे फुगतात. बोटे हळूच सैल केली की सरसर खाली बसतात.

सांगायला सोपे आहे. आईचे हात वर्षानुवर्षे पोळ्या लाटून कमावलेले! पहिल्याच दिवशी पत्ते पलंगभर उडाले. “आई, दाबू नकोस गं, नुसते धरून ठेव,” मुलगा पुन्हा पुन्हा सांगे. टेबलापेक्षा चादर बरी, हे तिला लवकरच कळले. गुळगुळीत लाकडावर पत्ते घसरतात. आधी अर्ध्याच कॅटवर हात बसवला, कारण जाड गठ्ठा नवशिक्याला वाकवता येत नाही. पावसाळी दमट हवेत कागदी पत्ते चिकटत, तेव्हा तर काहीच जमेना. तिसऱ्या आठवड्यात कमान उभी राहिली, वाकडीच, पण राहिली.

मधल्या काळात मुलाने तिला बरेच काही सांगितले. 52 पत्ते चांगले मिसळायला या पद्धतीने सात वेळा पिसावे लागतात, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवून दिले. हे डायकोनिस वयाच्या 14व्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर गेले होते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. आईने नवऱ्याला प्राध्यापकाचे सांगितले, घर सोडल्याचे गाळले.

नवऱ्याची भीती मात्र खोटी नव्हती. जमीन खरोखरच गेली होती, आणि ते बालपण त्याने सोसले होते. म्हणून तिने कॅटमधून बदामाची सत्ती काढली आणि देवघराच्या खणात ठेवली.

“अहो, आता या कॅटने कुणाला डाव मांडता यायचा नाही,” रात्री ती म्हणाली. “साधी बदाम-सत्तीसुद्धा नाही. कमानीला एक्कावन्न पत्ते पुरतात.”

ते काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पत्ते मोजले, 51 भरले. सकाळी कॅट कपाटावर नव्हता, मुलाच्या टेबलावर होता.