शब्द निराळे, वीण एक

आश्विन महिन्यात तुळजापूरच्या वाटेवर नाना बोली कानांवर पडतात. बालाघाटाच्या डोंगरावरील या क्षेत्री महाराष्ट्रातून तर लोक येतातच. परंतु कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र येथूनही यात्रेकरूंचे थवे लोटतात. नवरात्र संपले तरी वर्दळ ओसरत नाही. पौर्णिमेसाठी सोलापुराकडून व त्यापलीकडच्या कानडी मुलखातून पायी येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. कुंकू, परडी आणि कवड्यांच्या माळा विकणारा दुकानदार एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कानडीत, तिसऱ्याशी मोडक्या का होईना पण तेलुगूत आणि चौथ्याशी दखनीत भाव करतो. चार भाषांची चार व्याकरणे त्याने कधी पाठ केलेली नसतात. मग त्याची जीभ अडखळत कशी नाही?

याचे उत्तर एका लहानशा शब्दात दडले आहे. ‘उद्या येतो म्हणून सांगितले’ हे साधे मराठी वाक्य. कानडी मनुष्य हेच ‘नाळे बरुत्तेने अंत हेळिद’ असे म्हणेल, तेलुगू मनुष्य ‘रेपु वस्तानु अनि चेप्पाडु’ असे म्हणेल, आणि दखनी बोलणारा ‘कल आता बोलके बोला’ असे म्हणेल. शब्द पाहिले तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. परंतु ‘म्हणून’, ‘अंत’, ‘अनि’ आणि ‘बोलके’ हे चारही शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूंपासून झालेले आहेत, आणि चारही भाषांत ते एकाच जागी, दुसऱ्याचे बोलणे संपते तेथे, येऊन बसतात. दिल्लीकडचा मनुष्य ‘उसने कहा कि’ असा आरंभ करून मग निरोप सांगतो. दखनी ही त्याच बोलीची बहीण; पण दक्षिणेत नांदता नांदता तिने शेजारणींची रीत उचलली.

भाषांत असे साम्य दिसले की ते रक्ताच्या नात्याचे असावे, असा तर्क प्रथम मनात येतो. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या कन्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यास प्रतिपादन केले. मराठी आणि दखनी त्याच विशाल कुळातल्या. कानडी व तेलुगू मात्र द्राविड कुळातल्या. तेव्हा येथील साम्य नात्याचे नसून सहवासाचे ठरते. अर्थात संस्कृतातील ‘इति’ही वाक्याच्या मागेच येते, त्यामुळे या देवघेवीत सावकार कोण आणि ऋणको कोण, हे एका दमात सांगण्याचे धाडस शहाण्याने करू नये.

1956 साली भाषावार प्रांतरचना झाली आणि जुने हैदराबाद राज्य तिघांत वाटले गेले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, कानडी म्हैसुरात गेले, तेलुगू आंध्रात. योगायोग असा की त्याच वर्षी एमेनो या पंडितांनी, भारतातील निरनिराळ्या कुळांच्या भाषा परस्परांच्या सहवासाने एकमेकींसारख्या झाल्या आहेत, हे आपल्या निबंधात दाखवून दिले. नकाशावर रेषा आखल्या गेल्या. वाक्याच्या विणीला त्यांची वार्ताही नव्हती.

पुढे सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास गुंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या एका वेशीत नांदत होत्या. घरोघरी आपापली भाषा जपली गेली, शब्द निराळे राहिले. पण वाक्यांची ठेवण इतकी एक झाली की पुष्कळदा शब्दाला शब्द बदलला, की वाक्य दुसऱ्या भाषेचे होई!

सीमेवरच्या मुलाचे मराठी ऐकून शहरातली मुले कधीकधी हसतात. ‘याची भाषा कानडीने बिघडली,’ असे वडील माणसेही म्हणतात. हसणाऱ्यांनी आपलेच बोलणे तपासून पाहावे. ‘आम्ही देवळात जातो’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हटले तर तोही सोबत येतो. हिंदीला दोहोंसाठी बहुधा एकच ‘हम’ पुरतो. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. ‘म्हणून’ तर पुण्याच्या पंडिताच्याही तोंडी असतो. त्याला कोणी बिघाड म्हणत नाही.

तथापि सारेच साम्य शेजाराने उलगडत नाही. ‘तुळजापुरात’ या शब्दात ‘त’ मागून लागतो. जपानी मनुष्य ‘टोकियो नि’ म्हणतो, तुर्की मनुष्य ‘इस्तंबूलदा’ म्हणतो. क्रियापदही दोघे मराठी माणसासारखे वाक्याच्या शेवटीच ठेवतात. त्यांची व मराठीची ना सोयरीक, ना शेजार. ग्रीनबर्ग यांनी 1963 साली तीस भाषा ताडून पाहिल्या, तेव्हा क्रियापद शेवटी असेल तर असे संबंधदर्शक शब्दही बहुधा नामाच्या मागून येतात, असे आढळले. फारसी मात्र हा नियम मोडून ‘दर तेहरान’ म्हणते. असे का व्हावे, यावर पंडितांचे एकमत नाही. बोलणे कानांवर पडताक्षणीच मनाला त्याचा अर्थ लावावा लागतो; शब्दांचा क्रम एका धोरणाचा असला की ते काम हलके होते, असे पुष्कळांना वाटते.

तुळजापुरात दिवेलागण होते. विजापूरकडचे एक कुटुंब माळा घेऊन, दुकानदाराशी कानडीत दोन शब्द बोलून उतरणीला लागते. काय म्हणाले म्हणून आतून बायको विचारते. तो पैसे मोजता मोजता मराठीत सांगतो, ‘‘पुढल्या पौर्णिमेला येतो म्हणून सांगून गेले.’’