उरोदरपटल

बेळगावच्या माणसाला भाषेवरून कुणी अडवले तर नवल वाटत नाही. पण आपण कधी फुप्फुसावर अडू, असे मात्र मला वाटले नव्हते.

माझी मावशी लग्न होऊन बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. दांडिया बाजारात घर, घरात चार पिढ्यांची मराठी. नात मात्र गुजराती माध्यमात शिकली आणि आता वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ची तयारी करते आहे. २०१७ पासून ही परीक्षा मराठीतही देता येते. पण मराठी प्रश्नपत्रिका हवी तर केंद्र महाराष्ट्रातले घ्यावे लागते. पोरीने गुजरातीच घेतली. शहाणपणच केले म्हणायचे.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा ती श्वसनसंस्था घोकत होती. आपली श्वासनलिका तिच्याकडे श्वासनळी, फुप्फुसे म्हणजे फेफसां, वायुकोश ते वायुकोष्ठ. इथवर शेजारधर्म होता. पण आपले श्वासपटल तिथे ‘उरोदरपटल’ निघाले! उर आणि उदर यांच्यामधला पडदा. खरे सांगतो, त्यांचा शब्द सरस आहे. ऐकताच जागा कळते. याच शहरात सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश काढला. त्यात मराठी आहे, गुजरातीही आहे. पण शब्द राज्यकारभाराचे. दम्याला त्याचा काय उपयोग?

आणि मावशीला दमा आहे. पलंगावर उशीला टेकून ती आमचे ऐकत होती. म्हणाली, “ते पटल राहू दे गं. मला श्वास घेताना होत नाही एवढा त्रास सोडताना का होतो, ते सांग.”

पोरगी थबकली. पुस्तकात श्वासनलिकांचा दाह एवढेच होते. मग हाताची मूठ उघडमीट करीत मराठीतच सांगू लागली, “आजी, श्वास घेताना छाती फुगते ना, तेव्हा आतल्या नळ्याही जरा रुंद होतात. सोडताना त्या आवळतात. तुझ्या आधीच सुजलेल्या, त्यात आवळल्या, की हवा अडकते. म्हणून ती शिट्टी वाजते.”

“म्हणजे जुनी हवा निघतच नाही?”

“सगळी कुणाचीच निघत नाही. एरवीच्या श्वासात आपण अर्धा लिटर हवा आतबाहेर करतो. पण कितीही जोर लावून सोडला तरी हजार-बाराशे मिलिलिटर आत राहतेच. दम्यात त्याहून जास्त.” मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “काका, या हवेला मराठीत काय म्हणतात?”

मी ‘अवशिष्ट’पाशी चाचपडत होतो.

“उरलीसुरली,” मावशी म्हणाली.

पोरीने वहीच्या समासात तो शब्द गुजराती लिपीत लिहून घेतला आणि पान उलटले.