माचीवरचा भात

जपानी भाषेत 'माची' म्हणजे पेठ, वस्ती, आपण राहतो तो परिसर. मराठीत माची म्हणजे गडावरची, बालेकिल्ल्याच्या खालच्या अंगाची सपाटी. शिबंदीची घरे आणि रोजचे व्यवहार तिथे असत. या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि भाषेच्या अभ्यासकाने अशा योगायोगांना भुलू नये हेच बरे. तरीही २०२५ साली टोकियोच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत 'माची-च्यूका' प्रकारच्या जुनाट खानावळीत परतलेला भात खाताना हा योगायोग माझ्या मनातून जाईना. त्या भाताचे संस्कृतीतले स्थान सांगायला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

'च्यूका' म्हणजे चिनी. माची-च्यूका म्हणजे पेठेतली चिनी खानावळ. तिच्या दारावर उन्हाने विटलेला तांबडा कापडी पडदा असतो. त्याला 'नोरेन' म्हणतात. आत कौंटरला सात-आठ बैठका, दोन-तीन टेबले, तेलाचा हात लागून मऊ पडलेली चित्रकथांची पुस्तके आणि कोपऱ्यात चालू असलेला दूरदर्शन संच. भिंतीवरच्या कागदी पट्ट्यांवर पदार्थांची नावे. त्यांत शेवयांचा रस्सा आणि ग्योझा यांच्या शेजारी जपानी पद्धतीचा करी-भातही सुखाने नांदतो. ही नावे वाचून चीनमधल्या माणसाला आपल्या घरची आठवण होईलच असे नाही. पूर्वी लोक या दुकानांना नुसते 'कोपऱ्यावरचे चिनी दुकान' म्हणत. 'माची-च्यूका' हे नाव सर्वतोमुखी झाले ते अलीकडे, २०१० नंतरच्या दशकात. म्हणजे ही दुकाने विरळ होऊ लागल्यावर. वाङ्मयप्रकारांचेही पुष्कळदा असेच होते. त्यांचे नामकरण त्यांच्या उतारवयात होते.

या भाताला जपानीत 'चाहान' म्हणतात. कौंटरवर बसले की तो समोरच तयार होताना दिसतो. कढई धुरावली की तीत डुकराची चरबी, मग फेटलेले अंडे आणि अंडे पुरते थिजण्याच्या आत भात. या घाईला कारण आहे. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट. शिजल्यावर आपल्या आंबेमोहोरासारखी त्याची शिते एकमेकांना धरून राहतात. तो सुटा करणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणे. अर्धकच्च्या अंड्याचा आणि चरबीचा पातळ लेप शिताशिताला बसला तरच ते साधते. अशा सुटेपणाला जपानीत 'पारापारा' असा नादवाचक शब्द आहे. मग मांसाचे बारीक तुकडे, कांद्याची पात, मीठ, आणि कढईच्या कडेने सोडलेला सोया सॉस. आचाऱ्याच्या हातात लोखंडी डाव असतो. त्यानेच तो तेल घेतो, मीठ उचलतो, भात हलवतो. आणि शेवटी त्याच डावात भात भरून ताटलीत पालथा करतो. ताटलीत उभी राहते ती चक्क मूद! आपल्या पंगतीत वाटीने पाडतात तशीच. शेजारी लाल रंगाच्या आल्याच्या चार काड्या आणि वाटीभर रस्सा. खायला चिनी मातीचा खोलगट चमचा. त्याचे पूर्ण नाव 'चिरि-रेंगे', म्हणजे गळलेली कमळपाकळी.

मिरचीला सरावलेल्या जिभेला पहिले एक-दोन घास मुके वाटतात. मग कढईच्या धुराचा वास, पातीचा गोडसरपणा आणि चरबीचा खमंगपणा हळूहळू बोलू लागतात. शाकाहारी माणसाने मात्र येथे आशा ठेवू नये. मांसाचे तुकडे वगळायला सांगितले, तरी चरबी आणि हाडांचा रस्सा राहतोच.

हा पदार्थ इथवर कसा आला? १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि पाश्चात्त्य व्यापाऱ्यांबरोबर चिनी माणसेही तेथे आली. त्यांची वस्ती झाली, त्यांच्या खानावळी निघाल्या. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' नावाची खानावळ निघाली. मालक जपानी, आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले, आणि गिऱ्हाईक म्हणजे आसाकुसातली सामान्य माणसे. पुढे जपानने चीनवर आक्रमण केले. १९४५ च्या पराभवानंतर मांचुरियातून परतलेल्या जपान्यांनी ग्योझाची चव बरोबर आणली. चीनसाठी वापरला जाणारा 'शिना' हा शब्द चिनी लोकांना अपमानास्पद वाटे; १९४६ साली तो टाळावा अशी सूचना जपानी परराष्ट्र मंत्रालयाने काढली, आणि दुकानांच्या पाट्यांवर 'च्यूका' रूढ होत गेला. या साध्यासुध्या मुदीखाली बंदर, युद्ध आणि निर्वासितांचे परतणे असे थर आहेत. खाणाऱ्याला ते आठवत नाहीत, आणि आठवावेत अशी त्याच्यावर सक्तीही नाही.

मराठीच्या वाचकाला येथे देवलांचे 'संशयकल्लोळ' आठवावे. मूळ प्रहसन मोलिएरचे. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात शिरले, आणि तिथून देवलांकडे आले. प्रेक्षागृहात हसणाऱ्या माणसाला फाल्गुनराव फ्रेंच आहे याची शंकाही येत नाही. योकोहामामार्गे आलेला भात आणि इंग्रजीमार्गे आलेला फाल्गुनराव यांची जात एकच. दोघांनीही मुळाशी इमान राखले नाही. ज्यांच्यात राहायला आले त्यांच्याशी राखले. नेमाड्यांचा देशीवाद वर्गात शिकवताना 'देशी म्हणजे इथलेच उगवलेले' असा सोपा अर्थ विद्यार्थी पटकन लिहून घेतात. वास्तविक त्या मांडणीत देशीकरणालाही जागा आहे. चिकट तांदळाला सुटे व्हायला शिकवणारा हा डाव मला देशीकरणाचे स्वच्छ उदाहरण वाटला.

पण रूपांतराची एक अडचण असते. त्याचा वाली कोण? २०१३ साली 'वाशोकु', म्हणजे जपानची पारंपरिक आहारसंस्कृती, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. नववर्षाच्या सणाशी जोडलेले ते अन्न हा झाला बालेकिल्ला. चाहानला तेथे प्रवेश नाही, कारण तो परका. चिनी पाककलेच्या दरबारातही त्याला मान नाही, कारण तो बाटलेला. लोक मात्र राहतात माचीवर, आणि दुपारी जेवतात तेही माचीवरच.

मी गेले त्या खानावळीत म्हातारा कढईशी आणि त्याची बायको गल्ल्याशी होती. चाहानच्या किमतीवर नव्या कागदाचा तुकडा डकवून ७८० येन लिहिले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये तांदळाची टंचाई झाली आणि २०२५ च्या वसंतात दुकानातल्या पाच किलो तांदळाचा सरासरी भाव ४,००० येनच्या वर, वर्षापूर्वीच्या सुमारे दुप्पट झाला. हा तुकडा त्याचाच. निशी-कासाई भागात राहणारा माझा भाचा बरोबर होता. त्याने माझ्या वतीने विचारले, यापुढे दुकान कोण चालवणार? बाई हसून म्हणाल्या, "यांचा हात चालतोय तोवर." मुलगा नोकरीला होता, आणि त्याने कढई धरावी असे त्यांनाही वाटत नव्हते. पूर्वी अनुभवी शिष्याला त्याच नावाचे दुकान काढू देत. त्याला 'नोरेन वाटून देणे' म्हणत. आपल्या घराण्यांच्या गायकीसारखीच ही रीत. 'नोरेन उतरवणे' याचा एक अर्थ रात्री दुकान बंद करणे, आणि दुसरा, ते कायमचे बंद करणे. अशी पुष्कळ दुकाने सध्या दुसऱ्या अर्थाकडे चालली आहेत.

चाहानची कृती लिहून ठेवता येईल. कढईत अंडे थिजायच्या आतला तो क्षण मात्र कागदावर येत नाही. तो शेजारी उभे राहूनच शिकायचा. नाटकाची संहिता ग्रंथालयात असते आणि प्रयोग नटाबरोबर जातो, तसेच हे. बालेकिल्ल्यावरच्या गोष्टींना जतन करणारी माणसे मिळतात. माचीवरच्या गोष्टी वापरात आहेत तोवरच असतात.

यंदा देशीवादाच्या तासाला हे उदाहरण द्यायचे मी ठरवले आहे. कोणीतरी विचारणारच, की मग आमच्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचा शेजवान राईसही देशी का? प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्यालाच मी त्या गाडीवर पाठवणार आहे: कढई धरणारा कुठून आला, कोणाच्या हाताखाली शिकला, आणि त्याच्या पाठीमागे कोणी शिकतो आहे का, हे विचारून लिहून आणायला.