गाड्या वेळेवर धावत होत्या : एका आठवणीचे वाचन

मांजर्ली, बदलापूर, अंबरनाथ हा सारा पट्टा कर्जत मार्गावरील लोकलच्या वेळापत्रकावर जगतो. आणीबाणीचा विषय निघाला की येथील ज्येष्ठांकडून एक वाक्य ऐकू येण्याचा संभव मोठा : ‘काही म्हणा, गाड्या मात्र वेळेवर धावत होत्या.’ इतिहासाच्या तरुण अभ्यासकाला या वाक्याचा राग येतो. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंत विरोधक तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि आठवण काय, तर लोकलची!

राग समजण्यासारखा आहे. पण वाक्य फेटाळून लावण्यात घाई होते. जर्मन इतिहासकारांना अशाच आठवणींशी बराच काळ झगडावे लागले.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी लुट्झ नीटहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूर खोऱ्यातील कोळसा-पोलाद पट्ट्यात सामान्य माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. पाठ्यपुस्तकात १९३३ आणि १९४५ या वर्षांवर ठळक रेघा असतात. माणसांच्या आठवणीत त्या नव्हत्या. त्या मुलाखतींवर लिहिताना उलरिश हर्बर्ट यांनी दाखवले की अनेकांच्या लेखी ‘वाईट दिवस’ म्हणजे मंदीतील बेकारी, नंतरचे बॉम्बहल्ले आणि युद्धोत्तर उपासमार. महायुद्धापूर्वीची हिटलरची वर्षे मात्र ‘चांगल्या दिवसांत’ जमा होती : हाताला काम, घरात शांतता, अधूनमधून सहल.

हे लोक खोटे बोलत होते काय? नव्हे. काम खरोखरच मिळाले होते, त्यात शस्त्रनिर्मितीचा वाटा मोठा होता. शांतताही होती, पण १ मे १९३३ ला भरपगारी सुट्टी देऊन दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली, तेव्हाची ती शांतता. आठवणीत शांतता उरली, तिची किंमत गळून गेली. साक्षीदार खरा असतो आणि साक्ष अपुरी असते, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करण्याची शिस्त त्या इतिहासकारांनी स्वतःला लावून घेतली.

आता पुन्हा लोकलकडे. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील रेल्वे संप वीस दिवस चालला आणि अटकसत्राने मोडून काढला गेला. म्हणजे रूळ आणीबाणीच्या आधीच ‘शांत’ झाले होते. १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकुमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखानदारीवर पोट असलेल्या माणसाची लोकल वेळेवर येत असेलही. त्याची दिवाळी मात्र आखडली होती. ‘अनुशासन पर्व’ हा विनोबांचा शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवला. पुढे विनोबांनी अनुशासन आचार्यांचे, सत्ताधाऱ्यांचे ते शासन, असा खुलासा केला. तो कोणी रंगवला नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : हे केले कोणी? जर्मनीत एक पक्ष म्हणे, सारे हिटलरच्या पूर्वनियोजनातून घडले. दुसरा म्हणे, आपसांत चढाओढ करणाऱ्या यंत्रणांनी राजवटीला टोकाकडे ढकलत नेले. इयन कर्शॉ यांनी या वादातून वाट काढली ती फेब्रुवारी १९३४ मधील एका भाषणाच्या आधारे. प्रशियाच्या कृषी मंत्रालयातील व्हर्नर विलिकेन्स नावाचा अधिकारी त्यात सांगतो की आदेशाची वाट न पाहता नेत्याला काय हवे असेल ते ओळखून काम करावे.

हे वाचून १९७६ चा महाराष्ट्र आठवावा. एप्रिलमधील राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने सक्तीच्या नसबंदीचा निर्णय राज्यांवर सोपवला होता. महाराष्ट्र विधिमंडळाने तसे विधेयक मंजूरच करून टाकले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. शाह आयोगाच्या आकड्यांनुसार १९७६-७७ चे देशाचे उद्दिष्ट सुमारे ४३ लाख होते आणि शस्त्रक्रिया झाल्या ८१ लाखांहून अधिक. संजय गांधींकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट मजल केवळ एका माणसाच्या हुकुमाने गाठली जात नाही. मर्जी ओळखणारे कलेक्टर, तहसीलदार आणि मुख्याध्यापक त्यासाठी लागतात.

तुलना येथे थांबवणे भाग आहे. आणीबाणी म्हणजे नाझी राजवट नव्हे. छळछावण्यांचे जाळे आणि साठ लाख ज्यूंचा संहार यांच्याशेजारी कशालाही सहज ठेवू नये. शिवाय येथील राज्यकर्त्याने स्वतः निवडणूक जाहीर केली आणि ती हरली. जर्मन अभ्यासकांकडून घ्यायचे ते प्रश्न विचारण्याचे कसब, निकाल नव्हे.

त्यांच्यापाशी आणखी एक गोष्ट होती : कागद. व्युर्झबुर्गच्या गेस्टापो फायली वाचल्या म्हणून शेजाऱ्यांच्या चहाड्यांवर पोलीस किती विसंबून होते ते कळले. आपल्याकडे शाह आयोगाचा अहवालच इतका दुर्मीळ झाला की इरा सेझियन यांना तो २०१० मध्ये पुन्हा छापावा लागला. उरतात ती माणसे, आणि १९७५ साली पंचविशीत असलेला प्रवासी आज पंचाहत्तरीपलीकडे आहे. तो गाड्यांविषयी बोलू लागला की त्याला अडवू नये. पुरते ऐकावे, आणि मग विचारावे : त्या दिवाळीत बोनस किती हातात पडला? शाळेतल्या मास्तरांना नसबंदीचा कोटा होता का? तो पुरा करण्यासाठी ते कोणाच्या दारी गेले?