फक्त चेहरा

दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी नमुन्यात फोटोच्या चौकटीपाशी एक सूचना असते: फोटोत फक्त चेहरा दिसावा. अपंगत्व हक्क कायद्याच्या २०१७च्या नियमांसोबतचा हा नमुना. अपंगत्वाची नोंद करणं हेच ज्या कागदाचं काम, त्याला चेहरा पुरतो. मला मात्र पाय हवे होते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. माघी चतुर्थीच्या यात्रेत मी एका दैनिकासाठी फोटो काढत होतो. पोलिओ झालेला एक माणूस कुबड्या भाच्याकडे देऊन, दोन्ही हातांवर भार टाकत एकेक पायरी उतरत होता. ओल्या दगडावर कुबडी घसरते, म्हणून. मी खाली बसलो, कॅमेरा फरशीला टेकवला आणि चौकट धरली: पुढे तळहात, मागून ओढले जाणारे पाय, वर धूसर गर्दी. त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा विचारता आलं असतं. पण विचारलं तर हा सावरून बसेल आणि फोटो हातचा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. खालची ओळही मीच लिहिली: ‘पाय थकले, श्रद्धा नाही.’ त्याच्या श्रद्धेबद्दल मी त्याला एक शब्द विचारला नव्हता.

फोटो मोठा छापून आला. कौतुक झालं.

तो माणूस शिंपी होता. छापील प्रत द्यायला म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा त्या फोटोनं काय केलं ते कळलं. गिऱ्हाईक शिलाईचे पैसे देताना वरचे सुटे परत घेईना. ‘राहू द्या’ म्हणे. शाळेत मुलीला विचारलं गेलं, तुझे बाबा देवळापाशी मागायला बसतात का. एक मंडळ शाल-नारळ आणि स्वतःचा फोटोग्राफर घेऊन सत्काराला आलं. यानं नको म्हटलं, तर ‘पेपरात आला आणि माजला’ असं गावात झालं.

माझ्यावर तो ओरडला नाही. हातातली टीप पुरी करून म्हणाला, ‘‘भाऊ, पायऱ्या मी वर्षातून एकडाव उतरतो. बाकी तर मशीनवरच राह्यतो. तुमाले मी पायऱ्यायवरच दिसलो काय? एक हाक माराची होती. मी नाही म्हणलो नसतो. जरासा सावरून बसलो असतो.’’

यात्रेच्या गर्दीत तो त्यानंतर उतरला नाही. देऊळ मोकळं असतं अशा एखाद्या दिवशी जातो.

पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, गळ्यात ‘अंध’ अशी पाटी असलेल्या बाईचा फोटो काढला. आपण काढतोय हे समोरच्याला कळू नये, अशी सोय त्याने कॅमेऱ्यात केली होती. छायाचित्रणाच्या इतिहासात त्या फोटोला मोठा मान आहे आणि मीही तो मनापासून मानत आलो. पण यवतमाळ जिल्ह्यात पेपर टपरीवर वाचला जातो आणि फोटोतला माणूस त्याच टपरीवरून पुढे जातो.

२०१६च्या अपंगत्व हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला किमान सहा महिने तुरुंगवास आहे. माझा तसा हेतू नव्हता. मला तो माणूस थोर वाटला होता, आणि त्या थोर वाटण्यातच घात होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात दृश्य माध्यमांना बजावलं, की अपंगांची टवाळी करू नका आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना अचाट पराक्रमीही बनवू नका. तो निकाल चित्रपटाबद्दलचा, पण मी त्यातलं दुसरं टोक वाचून थांबलो.

विचारण्यानं सगळं सुटतं असंही नाही. साहित्य वाटपाच्या शिबिरात तीनचाकी सायकलवर माणूस बसलेला असतो, हँडलवर पुढाऱ्याचा हात असतो. तिथे ‘फोटो काढू का?’ म्हटलं तर तो होच म्हणणार. सायकल अजून त्याच्या नावावर चढलेली नसते. म्हणून मी आता मंच रिकामा झाल्यावर, पावती हातात पडल्यावर, फाटकापाशी विचारतो. तेव्हा बरेच जण नको म्हणतात. संपादकांना मंचावरचाच फोटो हवा असतो. त्यावरून आमचे खटके उडतात आणि पुष्कळदा दुसऱ्या कोणाचा तरी फोटो छापला जातो.