बारशीला बार्शी

पंढरपुरात एकादशी करायची आणि द्वादशीला बार्शीत भगवंताच्या दारी उपवास सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. बार्शी माझं माहेर. त्यामुळे हंपी, बदामी, विजापूर असा मोटारसायकलवरचा लांबचा प्रवास कुठे संपवायचा, यावर आम्हा नवरा-बायकोत चर्चाच झाली नाही. व्रताची सांगता जिथे होते, तिथेच आमच्या प्रवासाचीही व्हावी असं दोघांनाही वाटत होतं.

विजापूर पहाटेच सोडलं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्याला आली होती. पंढरपुरात नामदेव पायरीशी डोकं टेकवून निघालो आणि मग गाडी मी घेतली. इथून पुढचा रस्ता मला माझ्या हातांनी पार करायचा होता, कारण इथून सुरू होतो तो ‘बार्शी लाइट’ या छोट्या रेल्वेचा मुलूख.

कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड. बालाघाटाकडचा कापूस बार्शीच्या पेठेत यायचा आणि तिथून बैलगाड्यांनी कुर्डुवाडीच्या मोठ्या रेल्वेलाइनीवर. बार्शी इंग्रजी अमलात, पण सभोवती निजामाची हद्द. त्यामुळे दोन्हीकडचा माल इथे उतरायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर नोकरीसाठी हिंदुस्थानात आला होता. बैलगाड्यांच्या या वाटेवर त्याने अडीच फुटी रूळ टाकायचं मनावर घेतलं आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ही लाइन पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर! ज्या लातूरच्या बाजारपेठेचा आज एवढा बोलबाला आहे, तिला पहिली आगगाडी बार्शीने दिली, हे बार्शीकरांनी जरा मोठ्याने सांगायला हरकत नाही.

कॅलथ्रॉपचं डोकं कशात चाललं, ते मला दुचाकीवर बसून जास्त नीट उमगलं. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हा त्याचा नियम. वजन सारखं वाटलं गेलं की हलके, स्वस्त रूळही भरपूर माल पेलतात. प्रवासाच्या सुरुवातीला आमचं सगळं सामान मागच्या कॅरिअरवर होतं आणि वळणावर गाडी ओढ घ्यायची. “अगं, जड ते टाकीवरच्या पिशवीत घे, कपडे दोन्ही बाजूंना वाटून टाक,” असं नवऱ्याने सुचवलं आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. माणसाचा जीव आणि वजन यांचा हिशेब तो आयुष्यभर मांडत राहिला.

सीना ओलांडली आणि बार्शी जवळ आल्याचं मला पाटीशिवाय कळलं. पेठेतून थेट भगवंताच्या हेमाडपंती मंदिराकडे गेलो. विष्णूला भगवंत या नावाने पुजणारं असं देऊळ क्वचितच असेल. अंबरीष राजाची द्वादशी साधायची वेळ टळत आली, पण पाहुणे आलेले दुर्वास नदीवरून परतेनात. राजाने नुसत्या पाण्याने उपवास सोडला म्हणून ते कोपले आणि मग भक्तासाठी देव धावला. पुराणातली ही कथा बार्शी आपल्याच गावची मानते. देवासमोर हात जोडले तेव्हा हेल्मेट अजून हातातच होतं. इतके दिवस एकमेकांच्या भरवशावर रस्ता कापला होता; तिथे उभं राहिल्यावर दोघांचेही डोळे भरून आले.

घरी जाताना नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलपाशी मी मुद्दाम गाडी थांबवली. इथल्या डॉक्टरांनी टाटा मेमोरिअल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेसोबत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं. सून असो की सासू, वाडीवस्तीवरच्या बायका तपासणीला तयार झाल्या, म्हणून हे घडलं. माझ्या गावाचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याचा.

रात्री आईने भाकरी, शेंगाची चटणी आणि गरम पिठलं वाढलं. नवऱ्याने रुळांचा विषय काढला आणि आई छोट्या गाडीतून पंढरीला जायच्या आठवणी सांगत बसली. बार्शीला ब्रॉडगेज आलं २००८ मध्ये. म्हणजे त्या गाडीत बसलेली माणसं अजून घरोघरी आहेत. बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज, या लाइनीवरच्या कुठल्याही गावात तुमचे आई-वडील, आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्या.